विश्वकिरण मोजायचे तर आधी हवा मोजा

अर्जेंटिनाच्या मेंडोसा प्रांतात मालार्ग्वे नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या ओसाड पठारावर मालवाहतुकीचा असतो तसा एक कंटेनर उभा आहे. वीज मिळावी म्हणून त्याला सौर पॅनल जोडलेत आणि आत एक लेझर बसवलाय. चंद्र नसलेल्या रात्री हा लेझर दर पाव तासाने सरळ वर ५० झोत सोडतो, दोन सेकंदांना एक या चालीने. झोत अतिनील असतो, त्यामुळे शेजारी उभं राहून मान वर केली तरी काही दिसायचं नाही.

हा झोत कुठल्या ताऱ्यावर रोखलेला नसतो. भोवती २५ ते ४० किलोमीटरवर चार ठिकाणी दुर्बिणी बसवल्या आहेत, त्यांना तो बाजूने दिसावा एवढ्यासाठीच ही खटपट. लेझरमधून किती प्रकाश निघाला हे ठाऊक असतं, दुर्बिणीत किती आला ते मोजता येतं. मधल्या मधे गेला तो हवेने खाल्ला. आज रात्री हवा किती खातेय, एवढाच त्या कंटेनरचा प्रश्न, आणि तो रात्रभर तोच प्रश्न विचारत बसतो.

हे ठिकाण म्हणजे पिएर ओजे वेधशाळा, विश्वकिरणांचा, म्हणजे कॉस्मिक किरणांचा अभ्यास करणारी जगातली सर्वांत मोठी वेधशाळा. अवकाशातून येणारे कण मोजायला बसलेली माणसं धूळ आणि ढग का मोजत बसतात, हे समजून घ्यायचं तर आधी त्या कणांकडे बघावं लागेल.

विश्वकिरण हे नाव फसवं आहे. हे किरण नसतात, कण असतात. बहुतेक प्रोटॉन, काही हेलियमसारखी हलकी तर काही लोखंडासारखी जड अणुकेंद्रकं. १९१२ साली व्हिक्टर हेस बलूनमधून पाच किलोमीटरहून वर गेला आणि त्याला आढळलं की जितकं वर जावं तितका किरणोत्सार वाढतो. म्हणजे तो जमिनीतून येत नव्हता, वरून येत होता. या शोधासाठी हेसला १९३६ साली नोबेल मिळालं.

यातले बहुसंख्य कण मामुली ऊर्जेचे असतात. क्वचित एखादा मात्र अक्कल गुंग करणारा निघतो. १५ ऑक्टोबर १९९१ च्या रात्री अमेरिकेतल्या युटामधल्या फ्लाइज आय या यंत्रणेने असा एक कण टिपला. त्याची ऊर्जा निघाली ३२० एक्साइलेक्ट्रॉनव्होल्ट. इलेक्ट्रॉनव्होल्ट हे कणांची ऊर्जा मोजायचं चिमुकलं एकक, आणि एक्सा म्हणजे १ वर १८ शून्यं. शून्यं मोजून काही कळत नाही, म्हणून असं बघा: ही सुमारे ५१ ज्यूल ऊर्जा झाली, ताशी ९० किलोमीटरने येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूत असते तेवढी. फरक इतकाच की इथे ती सगळी अणूहून लहान एका कणात कोंबलेली होती. माणसाने बांधलेला सर्वांत ताकदवान कणवेगवर्धक, जिनिव्हाजवळचा एलएचसी, एका प्रोटॉनला ६.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेतो (टेरा म्हणजे १ वर १२ शून्यं). १०० एक्साइलेक्ट्रॉनव्होल्टचा विश्वकिरण त्याच्या जवळजवळ दीड कोटी पट.

हे कण कोण फेकतं, हे अजून नक्की ठाऊक नाही. शोधायचे तर आधी पुरेसे पकडायला हवेत, आणि इथेच घोडं अडतं. १०० एक्साइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचा कण एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत साधारण एखादा पडतो. उपग्रहावर चौरस मीटरभर यंत्र बसवून वाट बघायची म्हटली तर मानवजात संपेल, कण यायचा नाही.

मग उपाय काय? वातावरणालाच यंत्र करायचं.

पिएर ओजे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाला १९३८ मध्ये असं दिसलं की एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर ठेवलेल्या शोधकांमध्ये एकाच क्षणी कण येऊन धडकतात. त्याने अर्थ बरोबर लावला. वरून एकच कण येतो, हवेतल्या एखाद्या अणुकेंद्रकावर आपटतो, त्यातून नवे कण निघतात, ते पुढच्या अणूंवर आपटतात, आणि असं करत करत खाली येईपर्यंत कणांची सर कोसळते. याला कणवर्षाव म्हणतात. अति ऊर्जेच्या कणाच्या वर्षावात ऐन भरात हजारो कोटी कण असतात आणि जमिनीवर ते कित्येक किलोमीटर पसरतात. म्हणून सगळी जमीन झाकायची गरज नाही, जाळं विरळ चालतं. मालार्ग्वेच्या पठारावर दीड-दीड किलोमीटर अंतरावर सोळाशेहून अधिक टाक्या आहेत, प्रत्येकीत १२ टन शुद्ध पाणी आणि कणांमुळे त्या पाण्यात उमटणारी चमक टिपणारे डोळे. असं ३००० चौरस किलोमीटर व्यापलंय.

पण टाक्यांना वर्षावाचा फक्त शेवट कळतो. मधली कहाणी दुर्बिणींना दिसते, आणि हवेचा प्रश्न उभा राहतो तो तिथेच.

वर्षावातले इलेक्ट्रॉन हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूंना चिथावतात. चिथावलेला रेणू शांत होताना अंधुक अतिनील प्रकाश टाकतो, साधारण ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या दरम्यानचा. याला फ्लूरोसन्स म्हणतात, मराठीत अनुस्फुरण. हा प्रकाश सगळ्या दिशांना सारखा जातो, त्यामुळे वर्षाव तुमच्या अंगावर येत नसला तरी लांबून, बाजूने दिसतो. किती प्रकाश? खूप मोठा वर्षाव घेतला तरी साधारण वीस-पंचवीस वॅटचा एक निळसर दिवा आकाशातून प्रकाशाच्या वेगाने खाली चाललाय असं समजा. तोही काही दशलक्षांश सेकंदांत गायब. तो तीस किलोमीटरवरून टिपायचा. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात ४४० प्रकाशसंवेदी नळ्या असतात आणि त्या सेकंदाच्या एक कोटीव्या भागाला एक नोंद घेतात. पडद्यावर दिसते ती एका रेषेत क्रमाने पेटत गेलेल्या षटकोनी ठिपक्यांची माळ.

या माळेतून दोन गोष्टी काढायच्या असतात. एकूण प्रकाश किती, त्यावरून कणाची ऊर्जा. आणि वर्षाव हवेत किती खोल गेल्यावर सर्वांत भरात आला, त्यावरून कण हलका होता की जड. या दोन्ही उत्तरांत हवा हात घालते.

एक छोटं गणित करून बघू. समजा वर्षावाचा एक तुकडा जमिनीपासून ३ किलोमीटर उंचीवर आहे आणि दुर्बिणीला तो क्षितिजापासून १० अंशांवर दिसतोय. म्हणजे प्रकाशाला तिरकं सतरा किलोमीटर यायचंय. हवेतल्या धूलिकणांमुळे सरळ उभ्या वाटेवर प्रकाश किती घटतो हे एका आकड्यात मांडतात, त्याला प्रकाशीय जाडी म्हणू. मालार्ग्वेच्या नेहमीच्या चांगल्या रात्री ही जाडी ०.०४ च्या आसपास असते. ऐकायला नगण्य. पण तिरक्या वाटेने ती पावणेसहा पट होते आणि धूलिकण सुमारे २१ टक्के प्रकाश मधेच उडवतात. आता जाडी ०.१ असलेली जराशी धुरकट रात्र घ्या. मान वर करून बघणाऱ्याला तारे तसेच लुकलुकताना दिसतील, काही वेगळं जाणवणार नाही. पण दहा अंशांवरून येणाऱ्या प्रकाशातला ४४ टक्के गेला. ही रात्र तुम्ही चांगली समजून हिशेब केलात तर त्या तुकड्याचा प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी धराल. पुंजच्या पुंज कण चुकीच्या ऊर्जेच्या खान्यात जातील, आणि कोणाला संशयही येणार नाही. मला तर वाटतं या सगळ्या विषयात खरी भीती याच चुकीची आहे. यंत्र बिघडलं तर निदान कळतं.

हवा प्रकाशाशी काय काय करते?

पहिलं म्हणजे हवेचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात. याला रेले विखुरणं म्हणतात, आकाश निळं दिसतं ते याच कारणाने. तरंगलांबी कमी तसं हे विखुरणं झपाट्याने वाढतं, म्हणून अतिनील प्रकाशाला त्याचा फटका जास्त. तीस किलोमीटरच्या वाटेवर निम्म्याहून बराच जास्त प्रकाश यातच जातो. तरी शास्त्रज्ञ याला घाबरत नाहीत, कारण याचं गणित पक्कं आहे. तापमान आणि दाब ठाऊक असले की विखुरणं कागदावर काढता येतं.

दुसरं म्हणजे एरोसॉल, हवेत तरंगणारे बारीक कण. माती, धूर, मीठ, परागकण, काय वाट्टेल ते. यांचं कागदावर काही काढता येत नाही. वारा फिरला की बदलतात. वणव्याचा धूर लांबून येतो आणि तासाभरात रात्र बिघडवतो. म्हणूनच तो पाव तासाचा लेझर.

लेझरच्या नोंदी वापरण्याची रीत मला फार आवडते, कारण ती साध्या व्यवहारी बुद्धीची आहे. लेझरमधून निघालेली ऊर्जा आणि दुर्बिणीची संवेदनशीलता या दोन्ही गोष्टी हव्या तितक्या अचूक सांगता येत नाहीत. मग कुठलाच आकडा सुटा धरून बसायचा नाही. वर्षभराच्या नोंदींतून सर्वांत स्वच्छ रात्र शोधायची, जिच्यात जवळपास फक्त रेणूंचंच विखुरणं आहे. ती झाली मापाची रात्र. बाकी प्रत्येक तासाची तुलना तिच्याशी. आज अमुक उंचीवरून मापाच्या रात्रीपेक्षा दहा टक्के कमी प्रकाश आला, तर तो धुळीने खाल्ला. यंत्राच्या चुका दोन्ही रात्रींत सारख्याच असल्यामुळे भागाकारात उडून जातात. लेझरच्या एका झोताची ऊर्जा साडेसहा मिलिज्यूलच्या आसपास ठेवली आहे. त्यामुळे दुर्बिणीला तो १०० एक्साइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर्षावाइतकाच उजळ दिसतो. थोडक्यात, दर पाव तासाला हवेची परीक्षा खऱ्या पाहुण्याच्या तोलामोलाच्या नकली पाहुण्याकरवी होते. त्याच झोतातला थोडा प्रकाश केबलमधून शेजारच्या एका टाकीतही सोडतात. टाकीचं आणि दुर्बिणींचं घड्याळ जुळतंय ना, ते त्यावरून बघतात. त्या टाकीचं नाव सेलेस्ते.

तिसरे ढग. त्यांचा त्रास दोन तऱ्हांनी होतो. दुर्बीण आणि वर्षाव यांच्या मधे ढग आला तर प्रकाश अडतो आणि आलेखात खड्डा पडतो. हे निदान समजण्यासारखं आहे. दुसरी तऱ्हा लबाड. हवेत प्रकाशाचा जो वेग असतो त्याहून जोरात धावणाऱ्या कणांमुळे निळसर प्रकाश निघतो, त्याला चेरेंकॉव्ह प्रकाश म्हणतात. वर्षावातले कण त्याचा एक झोतही पुढच्या दिशेने टाकत असतात. वर्षाव ढगातून गेला की तो झोत ढगात आपटून बाजूला फाकतो आणि दुर्बिणीला वर्षाव तिथे अचानक उजळल्यासारखा वाटतो. आलेखात उंचवटा येतो. जिथे शिखर नाही तिथे शिखर दिसतं, म्हणजे कण हलका की जड हा निवाडाच उलटा होऊ शकतो. म्हणून प्रत्येक दुर्बीणघराच्या छपरावर अवरक्त कॅमेरा असतो. तो रात्रभर आकाश न्याहाळतो. स्वच्छ आकाश थंड दिसतं, ढग त्यामानाने ऊबदार, त्यामुळे अंधारातही ढग उठून दिसतात. शिवाय दुर्बीणघरांशेजारी लायडार आहेत. लायडार म्हणजे आपणच लेझर सोडायचा आणि परत येणारा प्रकाश ऐकायचा, प्रतिध्वनी ऐकतात तसा. परत यायला किती वेळ लागला त्यावरून ढगाचा तळ किती उंचावर आहे ते कळतं.

एखादा विशेष मोठा वर्षाव दिसला की आणखी धावपळ. लायडार लगेच त्याच वाटेवर झोत सोडून ती हवा तपासतो. एक छोटी स्वयंचलित दुर्बीणही त्या दिशेला वळते, वर्षावाच्या वाटेवरच्या ताऱ्यांचे फोटो काढते आणि ते असायला हवेत तितके तेजस्वी दिसताहेत का ते बघते. गुन्हा घडल्याबरोबर पंचनामा करावा तसं.

आता तापमानाकडे येऊ. वर्षाव कुठे भरात आला हे किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नसतो. कणाने किती हवा पार केली ते महत्त्वाचं, म्हणून मोजमाप असतं दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम हवा या एककात. समुद्रसपाटीवर उभं राहिलात तर डोक्यावर असा सुमारे १०३० ग्रॅमचा थर असतो. सारख्याच ऊर्जेचा प्रोटॉन आणि लोखंडाचं केंद्रक यांच्या शिखरांत सरासरी १०० ग्रॅमच्या आसपास फरक पडतो, लोखंड आधी भरात येतं. दुर्बिणीला मात्र ग्रॅम दिसत नाहीत, उंची दिसते. उंचीवरून ग्रॅम काढायला त्या रात्री कुठल्या उंचीवर हवा किती दाट होती ते लागतं. थंडीत आणि उन्हाळ्यात ते सारखं नसतं. शिवाय नायट्रोजन किती उजळतो हेही हवेवरच ठरतं. चिथावलेल्या रेणूला शेजाऱ्याची धडक बसली तर त्याची ऊर्जा प्रकाश न होता तशीच विरते, आणि अशा धडका देण्यात ऑक्सिजन व पाण्याची वाफ विशेष पटाईत.

सुरुवातीची काही वर्षं मालार्ग्वेहून यासाठी हवामानाचे फुगे सोडत. फुग्याखाली लटकवलेलं छोटं यंत्र वीसेक किलोमीटर उंचीपर्यंत तापमान, दाब, आर्द्रता कळवत जायचं. २००९ पासून काही काळ तर मोठा वर्षाव दिसला की काही तासांत फुगा सोडण्याचा उपक्रम चालला, म्हणजे मध्यरात्री कुणाला तरी फोन जाणार आणि तो झोपेतून उठून फुगा फुगवायला धावणार. पुढे तुलना करून बघितल्यावर कळलं की हवामानखात्यांच्या जागतिक संगणकीय प्रारूपांतून दर तीन तासांनी मिळणारी माहिती त्या जागेच्या हवेशी छान जुळते. मग फुगे थांबले. कोणाची तरी झोप वाचली असणार.

टाक्यांचं काय? त्या तर दिवसरात्र, ढगाळ असो की पौर्णिमा, चालू असतात, दुर्बिणींना मात्र जेमतेम १५ टक्के वेळ मिळतो. टाक्या हवेपासून मोकळ्या आहेत असं वाटेल, पण नाहीत. जमिनीलगतची हवा तापून विरळ झाली की वर्षाव जास्त फाकतो आणि टाकीतला संकेत बदलतो. बदल थोडा, पण दिवस-रात्रीच्या आणि ऋतूंच्या तालावर होणारा. आकाशाच्या कुठल्या भागातून कण जास्त येतात हे शोधताना नेमका हाच ताल घात करतो, कारण आकाशही त्याच तालावर फिरत असतं. २०१७ मध्ये या वेधशाळेने जाहीर केलं की ८ एक्साइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे कण आकाशाच्या एका बाजूकडून काहीसे जास्त येतात आणि ती दिशा बघता ते आपल्या आकाशगंगेबाहेरचे आहेत. हा कल साडेसहा टक्क्यांच्या घरातला. हवामानाची दुरुस्ती न करता असा निष्कर्ष कोणी काढला असता तर त्यावर विश्वास ठेवायचं कारण नव्हतं.

एवढी सगळी काळजी घेऊनही २०१३ च्या हिशेबात ऊर्जेच्या मापात एकूण १४ टक्के अनिश्चितता उरली, आणि त्यात हवेचा वाटा ऊर्जेनुसार ३.४ ते ६.२ टक्के धरला होता.

हवेवर इतकी बारीक नजर ठेवली की भलतंसलतंही हाती लागतं. मालार्ग्वेच्या दुर्बिणींना दूरच्या वादळांतल्या विजांमुळे ९० किलोमीटर उंचीवर क्षणात पसरणारी प्रकाशाची कडी दिसली, त्यांना एल्व्ह्ज म्हणतात. २०१९ पासून कॅमेऱ्यांत काही विचित्र झोत उमटू लागले. ते निघाले युरोपीय अवकाशसंस्थेच्या एओलस उपग्रहाचे. वारा मोजणाऱ्या या उपग्रहावरही कंटेनरमधल्यासारखाच ३५५ नॅनोमीटरचा अतिनील लेझर होता. त्याची परत येणारी शक्ती उतरत चालली होती, आणि घोटाळा झोत सोडणाऱ्या बाजूला आहे की टिपणाऱ्या, हे वर जाऊन बघायची सोय नव्हती. जमिनीवरून हवेचा हिशेब वजा करून वेधशाळेने झोताची ऊर्जा मोजली आणि दाखवलं की तो निघतानाच अशक्त आहे.

कधी हिशेब उलटा फिरतो. उटीच्या ग्रेप्स-३ प्रयोगात वर्षावांतले म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद असलेले कण, मोजतात. १ डिसेंबर २०१४ ला डोक्यावर वादळी ढग असताना म्युऑनांची संख्या सुमारे २ टक्क्यांनी घटली. ढगातल्या विजेच्या दाबाने त्यांची ऊर्जा काढून घेतली होती. त्या घटीवरून शास्त्रज्ञांनी ढगातला विद्युतदाब काढला, तो भरला १.३ अब्ज व्होल्ट. इथे विश्वकिरणांनी हवा मोजली.

आता २७ मे २०२१ ची रात्र. युटातल्या टेलिस्कोप ॲरे या वेधशाळेच्या ५०७ शोधकांच्या जाळ्यावर एक प्रचंड वर्षाव कोसळला. २४४ एक्साइलेक्ट्रॉनव्होल्ट, १९९१ च्या त्या कणानंतरचा सर्वांत मोठ्यांपैकी एक. त्याचं नाव ठेवलं अमातेरासू. आदल्याच दिवशी पौर्णिमा झाली होती. चांदणं इतकं होतं की फ्लूरोसन्स दुर्बिणी बंद होत्या, कोणीही त्याचा प्रकाश पाहिला नाही. ऊर्जा काढली ती फक्त जमिनीवरच्या शोधकांच्या नोंदींवरून. पण त्या शोधकांवरून संगणकाने काढलेली ऊर्जा जशीच्या तशी घेत नाहीत, तिला १.२७ ने भागतात. हा आकडा आला आधीच्या कितीतरी अंधाऱ्या रात्रींतून, जेव्हा एकच वर्षाव शोधकांनीही टिपला आणि दुर्बिणींनीही, आणि त्या प्रत्येक रात्री हवा किती प्रकाश खातेय याची नोंद कोणीतरी ठेवली होती.